'कायमचं' जायचं म्हणजे वर्षातले किती महिने?

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न: ताई नमस्कार. मी ६६, मिसेस ६२. मी पाटबंधारे खात्यातून रिटायर झालो, ती झेडपीच्या शाळेत होती, दोघांनाही पेन्शन आहे. साताऱ्यात स्वतःचा फ्लॅट, गावी दीड एकर बागायत, काही एफडी, पीपीएफ आणि थोडे म्युच्युअल फंड. मुलगा अमेरिकेत, टेक्सासमध्ये डॅलसजवळ फ्रिस्कोला असतो. मागच्या वर्षी तो सिटिझन झाला आणि तेव्हापासून मागे लागलाय की तुमचं ग्रीन कार्ड करतो, कायमचे या, साताऱ्याचा फ्लॅट विका म्हणजे इथे मोठं घर घेऊ आणि खाली तुमची वेगळी खोली काढू. मुलगी नाशिकला, ती म्हणते घाई नको. आम्ही दोनदा जाऊन आलोय, दोन्ही वेळा मे ते जुलै, छान वाटलं. व्हिजिटर व्हिसावर सहा महिन्यांत परत फिरावं लागतं, तर ग्रीन कार्ड हातात असलेलं बरं, मनाला येईल तसं येऊन जाऊन राहता येईल असा आमचा विचार आहे. मला शुगर, हिचा गुडघा. काय करावं?
– अ. शि., सातारा

उत्तर: दादा, पत्रातलं बाकी सगळं एकदा वाचलं पण 'मनाला येईल तसं येऊन जाऊन' हे मी दोनदा वाचलं, कारण आमचाही हाच समज होता आणि तो आम्हाला सात वर्षं पुरला.

आमची गोष्ट सांगते म्हणजे पुढचं सोपं जाईल. आम्ही दोघं ग्रीन कार्ड घेऊन न्यू जर्सीला मुलाकडे गेलो, हौसेने. मग इकडे पुतण्याचं लग्न निघालं, सासूबाईंचं आजारपण निघालं, घराला गळती लागली, असं करत करत इथेच आठ महिने गेले. परत गेलो तेव्हा विमानतळावरच्या ऑफिसरने कार्ड बघितलं, पासपोर्टवरचे शिक्के बघितले आणि यांना विचारलं, तुम्ही राहता कुठे? यांनी छातीठोकपणे सांगितलं, "कोथरूड, पुणे." मी मागून कोपराने ढोसतेय तरी यांचं आपलं चालूच, डहाणूकर कॉलनीत, गणपतीच्या देवळासमोर. त्या माणसाने आम्हाला बाजूच्या खोलीत बसवलं. दीड तास. शेवटी सोडलं, पण समजावून सांगून सोडलं की बाबांनो, हे कार्ड इथे राहणाऱ्यासाठी आहे, इथे भेटायला येणाऱ्यासाठी नाही.

तर मुद्दा हा. ग्रीन कार्ड म्हणजे जास्त मुदतीचा व्हिसा नव्हे. आपल्याकडे सगळे तसंच समजतात, गेटटुगेदरला कोणीतरी हमखास सांगतं की घेऊन ठेवा, कुठे बिघडतंय. बिघडतं. १८० दिवसांच्या वर बाहेर राहिलात की परत शिरताना तुम्हाला नव्याने प्रवेश मागणाऱ्यासारखं तपासता येतं. वर्षाच्या वर राहिलात तर नुसत्या कार्डावर परत जाताच येत नाही, त्यासाठी रीएंट्री परमिट लागतं, त्याची मुदत जास्तीत जास्त दोन वर्षं आणि त्याचा अर्ज तुम्ही अमेरिकेत हजर असतानाच करावा लागतो, साताऱ्यात बसून नाही. आणि दर वर्षी पाच महिने तिथे, सात महिने इथे असं केलंत तर एकेका फेरीत कदाचित निभावेल पण चार-पाच वर्षांचे शिक्के एकत्र बघितले की कुणालाही कळतं माणूस राहतो कुठे. आम्ही शेवटी कार्ड आपणहून परत केलं आणि साधा व्हिजिटर व्हिसा काढला, दहा वर्षांचा. आता वर्षाआड जातो, पाच महिने राहतो, ऑफिसरने विचारलं कुठे राहता तर हे कोथरूड सांगतात आणि तेच बरोबर उत्तर असतं.

तुम्हाला खरंच अर्धं इकडे अर्धं तिकडे हवं असेल तर त्याचा कागद तुमच्या कपाटात आधीच आहे, तोच व्हिजिटर व्हिसा. आणि खरंच कायमचं जायचं असेल तर ग्रीन कार्ड, पण मग कायमचं म्हणजे कायमचं, वर्षातले नऊ-दहा महिने फ्रिस्को आणि सातारा सुट्टीपुरता. हे दोघांनी मिळून आधी ठरवा, मुलाशिवाय.

ठरवताना एक गोष्ट करा. तुम्ही दोन्ही वेळा मे ते जुलै गेलात, म्हणजे नातवंडांना सुट्टी, मुलाने रजा टाकलेली, ग्रँड कॅन्यन बघून झालं. ते पाहुणपण झालं, ती मजा वेगळी. टेक्सासमध्ये शाळा ऑगस्टच्या मध्याला सुरू होतात, त्यानंतर सकाळी साडेसातला घर रिकामं होतं ते संध्याकाळी पाचपर्यंत. तुम्ही जुलैच्या शेवटी जा आणि डिसेंबरपर्यंत राहा, आणि सप्टेंबरमधला कुठलाही एक मंगळवार नीट बघा. बाहेर कधी कधी अडतीस डिग्री (हो, सप्टेंबरातही, आपला साताऱ्याचा उन्हाळा बरा म्हणायची वेळ येते), रस्त्यावर चिटपाखरू नाही, किराणा आणायला गाडी, देवळात जायला गाडी, डॉक्टरकडे गाडी. रिक्षा नाही, एसटी नाही. फ्रिस्कोत कार्यसिद्धी हनुमानाचं मोठं देऊळ आहे, पोळी-भाजी मिळते, मराठी माणसं ढिगाने आहेत, सगळं आहे, पण तिथवर सोडणार कोण हा प्रश्न आहे. तुम्ही ६६व्या वर्षी तिथलं ड्रायव्हिंग शिकायला तयार असाल तर अर्धी लढाई जिंकलात, नसाल तर प्रत्येक वेळी सूनबाईंची मीटिंग संपायची वाट बघायची. आमच्या यांना न्यू जर्सीत कुरिअरच्या गाड्यांच्या वेळा पाठ झाल्या होत्या. खिडकीत बसून सांगायचे, ब्राऊन गाडी आज वीस मिनिटं लेट आहे. मला आधी हसू यायचं, नंतर यायचं बंद झालं.

ही ट्रायल अर्ज टाकायच्या आधी करा हं. मुलाने एकदा तुमच्यासाठी अर्ज टाकला की तुमचा इरादा कायम राहण्याचा आहे हे सरकारदरबारी नोंदलं जातं, मग त्याच काळात 'फक्त भेटायला आलोय' म्हणून व्हिजिटरवर जाताना प्रश्न येऊ शकतात.

आता शुगर आणि गुडघा. हा भाग मुलं भावनेच्या भरात गाळतात. तिकडची पासष्टीनंतरची सरकारी योजना मेडिकेअर, पण ती ग्रीन कार्ड घेऊन सलग पाच वर्षं राहिल्यावरच विकत घेता येते, आणि विकत हा शब्द नीट वाचा. ज्यांनी तिथे दहा वर्षं नोकरी करून टॅक्स भरला त्यांना हॉस्पिटलचा भाग फुकट, तुम्ही-आम्ही भरलेला नाही म्हणून आपल्याला पूर्ण हप्ता. २०२५ साली हॉस्पिटलच्या भागाचा महिना ५१८ डॉलर आणि डॉक्टरच्या भागाचा १८५ डॉलर होता, म्हणजे माणशी ७०३ आणि दोघांचे १४०६, रुपयात महिन्याला सव्वा लाखाच्या घरात. दर वर्षी वाढतो तो वेगळा. त्यात दात, चष्मा, कानाचं मशीन साधारणपणे नाहीच. त्याआधीची पाच वर्षं खासगी पॉलिसी घ्यायची. त्यांच्या कायद्याप्रमाणे मार्केटप्लेसमधल्या, म्हणजे सरकारने चालवलेल्या इन्शुरन्सच्या बाजारातल्या, पॉलिसीला शुगर आहे म्हणून नाही म्हणता येत नाही हे चांगलं आहे, पण हप्ता वयावर ठरतो आणि साठीपुढच्याला तरुणाच्या तिप्पटीपर्यंत लावता येतो. सबसिडी मिळेल का ते उत्पन्नावर आणि दर वर्षी बदलणाऱ्या नियमांवर. व्हिजिटरसाठीचा जो प्रवासी इन्शुरन्स असतो तो जुन्या आजाराला बहुतेक वेळा हात लावत नाही, त्यावर पाच वर्षं काढता येत नाहीत. मुलाला सांगा, खालची खोली नंतर दाखव, आधी आमच्या दोघांच्या पॉलिसीचं कोटेशन काढून दाखव. आणि गुडघ्याचं ऑपरेशन करायचंच असेल तर जायच्या आधी इथे करून घ्या, फिजिओवाला घरी येतोय तोवर.

फ्लॅट. दादा, फ्लॅट विकू नका. निदान पहिली दोन-तीन वर्षं तरी नाही. मुलगा वाईट आहे असं मी म्हणत नाही, त्याच्या मनात तुमच्यासाठी खोलीच आहे, पण ते घर त्याच्या आणि सुनेच्या नावावर असणार, उद्या त्याची नोकरी सिअॅटलला गेली तर खोली विकली जाणार आणि तुमचा सातारा आधीच विकलेला. परत यायला स्वतःची किल्ली असू द्या. भाड्याने दिलात तरी एक खोली कुलूपबंद ठेवा.

विकायची वेळ आलीच तर कधी विकता हेही बघा. इथले रहिवासी असताना विकलात आणि किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असली तर घेणारा १ टक्का टीडीएस कापतो. एनआरआय झाल्यावर विकलात की जुन्या घराच्या नफ्यावर साडेबारा टक्के अधिक सरचार्ज-सेस असा हिशेब येतो, आणि आयकर खात्याकडून कमी कपातीचं सर्टिफिकेट आधी काढलं नाही तर घेणारा घाबरून सगळ्या रकमेवरच कापतो, मग रिटर्न भरून रिफंडची वाट बघत बसा.

बँकेचंही तसंच. कायमचं राहायला गेलात की साधं सेव्हिंग खातं चालवत राहणं नियमात बसत नाही, ते एनआरओ, म्हणजे एनआरआयचं इथलं रुपयांतलं खातं, करावं लागतं, एनआरओच्या व्याजावर ३० टक्के अधिक सेस कापला जातो. पीपीएफ मुदत संपेपर्यंत ठेवता येतो, पुढे वाढवता येत नाही. सिनियर सिटिझन योजनेत नवीन खातं काढता येत नाही. एनआरओमधून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात, तेवढे तुमच्याकडे असले तर मला दत्तक घ्या. गावची जमीन तुमची राहते, एनआरआय म्हणून नवीन शेतजमीन घेता येत नाही इतकंच, पण जायच्या आधी सातबारा स्वतः उघडून बघा, वारसांची नोंद आणि बांधाचं भांडण अमेरिकेतून मिटत नाही. मुलीच्या नावे मुखत्यारपत्र करा, पण ठराविक कामांपुरतं आणि रजिस्टर केलेलं. पेन्शनसाठी नोव्हेंबरचा हयातीचा दाखला तिकडून कसा पाठवायचा हे तुमच्या कोषागारात आत्ताच विचारून ठेवा.

आणि ही गोष्ट जवळजवळ कुणालाच माहीत नसते: ग्रीन कार्डवाल्याला जगभरातलं उत्पन्न अमेरिकेला दाखवावं लागतं. पेन्शन, एफडीचं व्याज, घरभाडं, सगळं. आपल्याकडे करमुक्त असलेलं पीपीएफचं व्याज तिकडे करमुक्त नाही. इथल्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात एकदा जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, म्हणजे साधारण आठ-नऊ लाख रुपये, तर दर वर्षी वेगळा रिपोर्ट भरावा लागतो आणि न भरल्याचा दंड जबर असतो. आपले म्युच्युअल फंड तर त्यांच्या टॅक्सवाल्यांना अजिबात आवडत नाहीत, त्यांचा हिशेब इतका किचकट की सीएची फी फंडाच्या नफ्याहून जास्त व्हायची. इथला टॅक्स तिकडे वजा मिळतो, दोनदा भरावा लागतो असं नाही, पण कागद दोनदा भरावे लागतात. जायच्या आधी दोन्हीकडचं कळणाऱ्या सीएला एकदा फी देऊन बसा, ते पैसे वाया जाणार नाहीत.

कागदपत्रांचं थोडक्यात. मुलाने तुम्हा दोघांसाठी दोन वेगवेगळे अर्ज करायचे असतात, एकात दुसरं येत नाही. शेवटची मुलाखत मुंबईला, बीकेसीतल्या कॉन्सुलेटमध्ये. खरी अडचण येते नावांची. आमच्या पिढीच्या बायकांचं लग्नात नुसतं आडनाव बदललं नाही, नावच बदललं. मी माहेरची कुसुम, सासरची माधवी, शाळेच्या दाखल्यावर कुसुम, पासपोर्टवर माधवी आणि मुलाच्या जन्मदाखल्यावर तत्कालीन क्लार्कच्या कृपेने 'कुसूमबाई'. त्या एका बाईच्या तीन बायका एकच आहेत हे सिद्ध करायला चार महिने आणि तीन अॅफिडेव्हिट लागली. वहिनींचे सगळे कागद आज रात्री पलंगावर पसरून एकमेकांशी जुळवून बघा. जन्मदाखला नसेलच तर तो उपलब्ध नाही असं नगरपालिकेकडून लिहून घ्यावं लागतं, त्याला लागतो तेवढा वेळ लागतोच.

प्रश्न: माझं वय ६३. मुलगा-सून बोस्टनजवळ असतात, सुनेला दिवस गेलेत. आमच्या ह्यांनी मला न विचारता मुलाला हो सांगून टाकलं की आम्ही कायमचे येतो. माझं इथे भजनी मंडळ आहे, बहीण दोन गल्ल्या पलीकडे आहे. नातवाचं सगळं करायची हौस आहे पण तिथे जाऊन दिवसभराची आया होऊन राहायचं नाही, हे बोललं की मी वाईट आजी ठरते. तोंड उघडावं की गप्प बसावं?
– स. दे., नागपूर

उत्तर: उघडा की. वरच्या उत्तरात एक ओळ आहे ती तुमच्या ह्यांना वाचून दाखवा: नवरा-बायकोचे अर्ज वेगवेगळे असतात. त्यांच्या अर्जावर तुम्ही आपोआप जात नाही, तुमच्या फॉर्मवर तुमची सही लागते आणि मुलाखतीत प्रश्न तुम्हाला विचारतात. सरकारने तुम्हाला स्वतंत्र माणूस धरलंय, घरात धरायला काय हरकत आहे.

आया म्हणाल तर, मी केलंय. सकाळी सातला बाळ हातात आलं की संध्याकाळी सहापर्यंत, त्यात कुकर, त्यात कपड्यांचं मशीन, आणि सून बिचारी थकून आलेली म्हणून रात्रीच्या पोळ्याही आपणच. कोणी सांगत नाही, आपणच करतो आणि मग आपणच मनात धुसफुसतो. तिकडची पाळणाघरं खूप महाग असतात, म्हणून मुलं सुचवतात, त्यांचीही चूक नाही. पण व्यवहार आधी बोलावा लागतो. बाळंतपणाला व्हिजिटरवर जा, रिटर्न तिकीट काढून जा आणि ती तारीख सुनेला आत्ताच सांगा म्हणजे तिला त्यानंतरची सोय वेळेत बघता येईल, पाळणाघरात नाव आधीच घालून ठेवावं लागतं. आठवड्यातला एक दिवस तुमचा, त्या दिवशी बाळ मुलाकडे. डिंकाचे लाडू न्यायचे असतील तर सामानाच्या फॉर्ममध्ये खाण्याचे पदार्थ आहेत असं खरं लिहा, लपवाछपवी करून दंड भरू नका.

आणि ह्यांना जायचंच असेल तर एकटे जाऊन राहू देत सहा महिने. स्वतःचा चहा स्वतः करायची वेळ आली की सहापैकी कितव्या महिन्यात परत येतात ते मला कळवा.

प्रश्न: माझं वय ६८. मुलगा मेलबर्नला, पीआर झालाय, म्हणजे कायमचं राहायची परवानगी मिळालीय. दोन मुली, एक कोल्हापूरला, एक पुण्यात. आम्हा दोघांना तिथे कायमचं जायला कोणता व्हिसा?
– वि. मा., इचलकरंजी

उत्तर: मुलींमुळे अडलं तुमचं. ऑस्ट्रेलियाच्या कायमच्या पेरेंट व्हिसाला मुलांच्या संख्येची एक अट आहे: निदान निम्मी मुलं तिथे कायमची राहणारी हवीत, किंवा इतर कुठल्याही एका देशापेक्षा तिथे जास्त हवीत. तुमची तिथे एक, भारतात दोन. नापास. पास असतात त्यांचंही फार बरं चाललेलं नाही, पैसे भरून घ्यायच्या व्हिसाला माणशी चाळीस हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर जातात आणि तरी दहा वर्षांहून जास्त रांग, स्वस्तातल्याला तर तीस वर्षं सांगतात. तीस वर्षांनी तुम्ही ९८ चे. त्यापेक्षा ८७० नंबरचा पालकांचा तात्पुरता व्हिसा बघा, तीन किंवा पाच वर्षांचा, सगळे मिळून दहा वर्षांपर्यंत, त्याला मुलांची ही अट नाही. आधी मुलाला स्पॉन्सर म्हणून मंजुरी घ्यावी लागते, इन्शुरन्स आपला आपण काढायचा आणि नोकरी करता येत नाही, तीही अपेक्षा नसेलच.

प्रश्न: मुलगी लंडनला, ब्रिटिश नागरिक झाली. आम्ही दोघं ठणठणीत, मी रोज पहाटे पाच किलोमीटर चालतो. तिच्याकडे कायमचं जाता येईल का?
– प्र. कु., ठाणे

उत्तर: ठणठणीत आहात म्हणूनच नाही. २०१२ पासून तिकडचा नियम असा की आईवडिलांना वयामुळे किंवा आजारामुळे रोजच्या कामाला, म्हणजे अंघोळ, कपडे, जेवण याला दुसऱ्याचा हात लागला पाहिजे, आणि ती मदत भारतात मुलीने पैसे पाठवूनही मिळत नाही किंवा परवडत नाही असं सिद्ध झालं पाहिजे. पाच किलोमीटर चालणाऱ्याचा यात नंबर लागायचा नाही. सहा महिन्यांचा साधा व्हिजिटर व्हिसा काढा आणि मे महिन्यात जा, तेव्हा तिकडे पहाट लवकर होते.